कंदील, हातमोजा आणि ‘थोडे पैसे’

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ६२ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटर सांभाळून त्या दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. घरी त्या आणि यजमान. मुलगा, सून, नात पुण्याला. मुलाने आपला जुना लॅपटॉप आईला दिला, त्यात एक ‘हिडन ऑब्जेक्ट’ गेम होता. पसाऱ्याने भरलेल्या चित्रात यादीतल्या वस्तू शोधायच्या, मधे कुलपं-कोडी सोडवायची, तशी गोष्ट पुढे सरकते. ताईंना तो इतका आवडला की पाठोपाठ असे चार झाले. आता फोनवरही तसाच एक आहे, त्याचा ३४०वा टप्पा चालू आहे. दुपारी दोन ते चार लॅपटॉप, रात्री जेवणं आटोपली की फोन; कधीकधी साडेबारा वाजतात. दारावर कुणी आलं की लॅपटॉप मिटतो. घरी त्यांनी सांगून ठेवलंय की हा मेंदूचा व्यायाम आहे, कारण त्यांच्या आईला शेवटची सहा वर्षं विस्मरणाचा आजार होता. दिवाळीत मुलगा म्हणाला, “आई, तुला व्यसन लागलंय. आम्ही पोरीला रोज अर्धा तासच स्क्रीन देतो आणि तिची आजी दिवसभर गेम खेळते.” सून काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. गुरुवारचं भजनी मंडळही सुटलंय. ताई विचारतात: हा आजार आहे का? याने स्मरणशक्ती खरंच टिकते का? सगळं डिलीट करून टाकू का? जाता जाता एक अडचणही आहे: तळघराच्या चित्रात यादीत ‘बो’ लिहिलंय, धनुष्य कुठेच दिसत नाही आणि हिंट वापरायची नाही असं त्यांनी ठरवलंय. सगळ्यात शेवटी, समारोपाच्याही खाली, एक ओळ: ‘फोनवरच्या गेममध्ये थोडे पैसेही गेलेत. ते कुणाला माहीत नाही.’

ताई,

पत्रावर नाव नाही, तेव्हा ताईच म्हणते.

तुमचं पत्र साडेतीन पानांचं. त्यातलं जवळजवळ दीड पान एका दीपगृहाच्या माळ्यावर खर्ची पडलंय. विझलेला कंदील, मासेमारीच्या जाळ्याची गुंडाळी, पेंढा भरलेलं घुबड, काच तडकलेला कुणा कप्तानाचा फोटो आणि यादीत लिहिलेला हातमोजा. तुम्ही लिहिता, ‘अख्खा माळा पालथा घातला आणि बाई, तो घुबडाच्या पंखावर, पंखाच्याच रंगाचा!’ त्या ‘बाई’ला मी मोठ्यांदा हसले. मग पान उलटलं, आणि पुढची दोन पानं तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून लिहिली आहेत.

एका पत्रात दोन बायका आहेत. दोघींशी बोलायचंय, पण आधी पहिलीशी बोलते, कारण दुसरीशी सध्या सगळेच बोलतायत.

३१ वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईला हा खेळ आवडला यात मला नवल वाटत नाही. गड्डी मोजताना एखादी नोट बोटाला वेगळी लागली की मोजणी न थांबवता ती बाजूला सरकवायची, सहीचं शेवटचं वळण बघून स्लिप परत करायची, हे तुम्ही रोज करत होतात. ही नजर काही निरोप समारंभाच्या शाल-श्रीफळाच्या बदल्यात बँकेत ठेवून येता येत नाही. ती तुमच्याबरोबर घरी आली आणि काम मागायला लागली. मुलाच्या जुन्या लॅपटॉपने तिला काम दिलं.

तुम्ही लिहिता, ‘या वयात असले पोरकट खेळ शोभत नाहीत हे कळतं.’ हे कुणी ठरवलं? या खेळाचं कूळच जरा बघू. १९७०च्या दशकात विल क्राउदर नावाचा एक अमेरिकन प्रोग्रॅमर होता. त्याला गुहा धुंडाळायचा आणि त्यांचे नकाशे करायचा नाद. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून त्याने केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या भुयारांवरून एक गेम लिहिला. त्यात चित्र एकही नव्हतं. नुसती वाक्यं वाचायची आणि ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असं टाइप करायचं. १९७७ मध्ये डॉन वूड्सने तो वाढवला आणि तो अमेरिकेतल्या संगणकांवर पसरला. पुढे तो रॉबर्टा विल्यम्स या बाईंच्या हाती पडला आणि त्यांना त्याने अक्षरशः झपाटलं. दोन मुलांची आई असलेल्या या बाईंनी मग स्वतःच एका बंगल्यातल्या खुनांची गोष्ट रचली, चित्रं काढली आणि नवऱ्याकडून अ‍ॅपल टू संगणकावर तिचा प्रोग्रॅम करून घेतला. तो १९८० सालचा ‘मिस्टरी हाउस’. गोष्टीच्या साहसखेळात चित्रं आली ती तिथून. तेव्हा पोरकट असेल तर एका आईचाच पोरकटपणा आहे हा.

तुम्ही खेळता तो प्रकार त्या झाडाची अलीकडची फांदी. १९९३चा ‘मिस्ट’ आला तेव्हा लोकांना कळलं की गोळ्या झाडल्याशिवाय, मरण्याची भीती नसताना, एका निर्जन बेटावर नुसतं फिरत आणि विचार करत तासन्‌तास खेळता येतं. २००५ मध्ये सिॲटलच्या बिग फिश कंपनीने ‘मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल’ काढला आणि पसाऱ्यातल्या वस्तू शोधण्याचा प्रकार घरोघरी गेला. त्यांची पद्धत अशी की पहिला तास फुकट खेळा, आवडला तर पूर्ण गेम विकत घ्या. हे गेम घेणाऱ्यांत मध्यमवयीन आणि त्यापुढच्या बायका फार मोठ्या संख्येने आहेत. दारावर कुणी आलं की लॅपटॉप मिटणाऱ्या तुम्ही एकट्या नसणार.

आणि एक गोष्ट तुम्ही कंसात लिहून टाकलीत, ती मी कंसाबाहेर काढते. यजमान रोज संध्याकाळी चौघांत पत्ते खेळायला जातात. किती वर्षं? बारा. त्यांना कुणी व्यसनी म्हटलं? कुणी विचारलं, की अहो, या मेंढीकोटाने स्मरणशक्ती वाढते का? आपल्याकडे पुरुषाचा खेळ हा विरंगुळा असतो; बाईचा खेळ एक तर व्रताच्या नावाने चालतो, मंगळागौरीसारखा, नाहीतर आरोग्याच्या नावाने. लहानपणी तुम्ही काचापाणी खेळला असाल. फुटक्या बांगड्यांचे तुकडे पसरायचे आणि शेजारचा न हलवता एकेक काढून घ्यायचा. तेव्हा त्याचा उपयोग काय म्हणून कुणी विचारलं नव्हतं, कारण तेव्हा तुम्ही नऊ वर्षांच्या होतात.

म्हणूनच तुमचा तो ‘मेंदूचा व्यायाम’ मला जरा खुपला. त्याबद्दल स्पष्ट बोलते.

ज्या गोष्टीचा सराव कराल ती गोष्ट सुधारते, एवढं खरं. पसाऱ्यात हातमोजा तुम्हाला आता पूर्वीपेक्षा लवकर सापडत असणार. पण त्यामुळे घरातला चष्मा लवकर सापडतो का? (मला नाही सापडत, आणि मीही हे गेम खेळते.) एका कौशल्याचा सराव केल्याने सगळी स्मृती तल्लख होते, किंवा विस्मरणाचा आजार दूर राहतो, असं कुणी सांगत असेल तर जपून. ‘ल्युमॉसिटी’ नावाचं मेंदूच्या खेळांचं एक ॲप आहे. वयोमानाने होणारं विस्मरण त्याने थोपवता येतं अशा त्यांच्या जाहिराती होत्या. दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना धरलं, आणि जानेवारी २०१६ मध्ये त्या कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

तुमच्या आईचा आजार तुम्ही सहा वर्षं जवळून पाहिलात. ती भीती खरी आहे, आणि तिला गेमने उत्तर देऊ नका. गावातल्या किंवा सांगली-मिरजेच्या एखाद्या फिजिशियनकडे एकदा जा. रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या, कानही तपासा. उतारवयात ऐकू कमी येणं आणि ताब्यात नसलेला रक्तदाब या दोन्हींचा विस्मरणाच्या आजाराशी संबंध आहे, हे डॉक्टर आता ठामपणे सांगतात. ‘आईला हा आजार होता’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. आणि घरी? घरी म्हणा, ‘मला आवडतं म्हणून खेळते.’ चार शब्द. औषधाचं लेबल लावलं की मात्रा किती, गुण आला का, हे विचारायचा हक्क तुम्ही दुसऱ्यांना देता.

आता दुसरीशी.

हा आजार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार आहे. ही यादी २०१९ मध्ये मंजूर झाली, जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा उरलेला नाही, खेळ बाकी सगळ्याच्या पुढे गेलाय, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच किंवा वाढतंय. शिवाय यातून घर, काम, माणसं यांची ठळक हानी व्हायला हवी, आणि हे साधारणपणे वर्षभर टिकलेलं असावं. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून कुणी निदान करूही नये. पण स्वयंपाक, सकाळचं फिरणं, यजमानांच्या पेन्शनची कागदपत्रं, नातीसाठी विणलेला स्वेटर, सगळं तुमच्या पत्रात आहे. दुपारचे दोन तास हे व्यसन असेल तर महाराष्ट्रातली निम्मी वामकुक्षी व्यसनात मोडेल. मुलाने तो शब्द फार स्वस्तात वापरला.

तरीही मी तुम्हाला ‘सगळं ठीक आहे’ असं सांगून सोडणार नाही. त्या शेवटच्या ओळीमुळे. समारोपाच्या खाली, आधीपेक्षा लहान अक्षरात लिहिलेली ओळ. रुपयाचा फरक पडला तर संध्याकाळी सात वाजेपर्यंत काउंटर न सोडणारी बाई ‘थोडे पैसे’ असं लिहिते, तेव्हा तिने तो आकडा मोजलेला नसतो. किंवा मोजलेला असतो.

तुम्ही लॅपटॉपवरचा आणि फोनवरचा गेम एकच धरलाय. मुलानेही तेच केलं. चित्रं सारखी दिसतात, पण धंदा निराळा आहे.

लॅपटॉपवरचे चार गेम ‘झाले’, असं तुम्ही लिहिलंत. झाले म्हणजे संपले. दीपगृहाचं रहस्य उलगडलं, कप्तानाची मुलगी सापडली, पडदा पडला. कुणीतरी एक गोष्ट रचली, एकदाच पैसे घेतले आणि ती शेवटपर्यंत सांगितली. अडलात तर हिंटचं बटण आहे, ते एकदा वापरलं की पुन्हा भरायला मिनिटभर लागतं. उगाच कुठेही क्लिक करत सुटलात तर काही गेममध्ये बाण थोडा वेळ गोठतो. तेवढीच शिक्षा. त्यात तुमच्याकडून आणखी काही काढून घ्यायची सोयच नाही.

फोनवरचा ३४०व्या टप्प्यावर आहे. तो कधी संपणार? संपणार नाही, कारण संपला तर त्याची कमाई थांबते. तोच दिवाणखाना, तीच बाग, पुन्हापुन्हा, फक्त यादी बदललेली. प्रत्येक वेळी आत शिरायला ‘एनर्जी’ लागते. ती संपते आणि पुन्हा भरायला तास जातात, नेमकी आता दोनच वस्तू राहिल्यात असं वाटतं तेव्हा. मग समोर येतात हिरे. हिरे रुपयांत मिळतात, एनर्जी हिऱ्यांत. मधे हे हिरे कशाला घातले, ते तुम्हाला कॅशियर म्हणून मी काय सांगू? एकदा नोटेचं टोकन झालं की ते पैशासारखं दिसत नाही. खर्च हिऱ्यांचा होतो. त्यातही लागतात साठ आणि पाकीट मिळतं पन्नासचं किंवा शंभरचं, म्हणजे हातात नेहमी निरुपयोगी शिल्लक राहते, आणि ती वाया जाऊ नये म्हणून पुढचं पाकीट. वर घड्याळ: ही ऑफर आज रात्री बारापर्यंतच. तुम्ही साडेबारापर्यंत का जागता, हा प्रश्न मुलाने तुम्हाला विचारला. तो त्या घड्याळाला विचारायला हवा होता.

२०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तुमचा गेम त्यात बसत नाही. तिथे पैसे जिंकायचं आमिष असतं. इथे जिंकायला पैसे नसतातच, जातात तेवढेच.

तेव्हा ‘सगळं डिलीट करू का’ याला माझं उत्तर: फोनवरचा काढा, लॅपटॉपवरचे ठेवा. पण काढण्याआधी एक काम करायचंय, आणि ते तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार नाही. दुपारी, यजमान झोपलेले असताना, वही-पेन घेऊन बसा. फोनमध्ये प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यात तुमच्या खात्याचं गोल चिन्ह आहे त्यावर बोट ठेवा. ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, त्यात ‘बजेट अँड हिस्टरी’. आजवरची प्रत्येक खरेदी तारखेसह तिथे आहे. ८९, १९९, पुन्हा ८९, जे असेल ते. उतरवून काढा, बेरीज मारा, बँकेच्या पासबुकाशी टॅली करा. आकडा तुम्हाला वाटतोय त्याहून मोठा निघाला तर दचकू नका, बहुतेकांचा निघतो. सबस्क्रिप्शन्समध्ये दर आठवड्याला किंवा महिन्याला आपोआप कापलं जाणारं काही असेल तर तिथेच रद्द करा. नुसता गेम काढून टाकल्याने ते थांबत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. मग त्याच ठिकाणी जोडलेलं कार्ड किंवा यूपीआय काढून टाका, आणि सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे ती चालू करा. दरमहा बजेट घालायचीही सोय आहे, पण ती नुसती आठवण करून देते, अडवत नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

फोनवरचा गेम लगेच सोडवत नसेल (३४० टप्पे काही थोडे नव्हेत, मी समजू शकते), तर दुसरी तडजोड: पैशाची वाट बंद करून खेळा. जेवढी एनर्जी फुकट मिळते तेवढीच. संपली की काउंटर बंद. रांगेत कुणी उभं असलं तरी शटर खाली. हे पंधरा दिवस करून बघा. माझा अंदाज, आठव्या-नवव्या दिवशी तुम्हालाच कंटाळा येईल, कारण पैसे काढून घेतले की त्या गेममध्ये फार गोष्ट उरत नाही. अंदाज चुकला तर पुन्हा लिहा.

बेरीज झाली की ती यजमानांना सांगा. मुलाला आधी नको. आणि कबुलीजबाब नको, चहाच्या वेळी सरळ सांगा: ‘अहो, फोनवरच्या गेममध्ये माझे इतके रुपये गेले. आता बंद केलंय. माझ्या पेन्शनमधले होते, पण तुमच्यापासून लपवले ते मला खात होतं.’ आकडा सांगा, ‘थोडे’ म्हणू नका. ते दोन दिवस घुम्यासारखे वागतील, कदाचित. पत्त्यांत ते कधी किती हरले हा विषय तुम्ही काढायचा नाही. मोह होईल, पण नाही.

मुलाशी बोलताना बचाव करू नका. त्याचं चुकलं ते शब्दात. त्याला काळजी वाटली यात चूक नाही. रात्रीच्या साडेबाराबद्दल तो बरोबर आहे, ते मान्य करून टाका. आणि त्यालाच काम सांगा: ‘माझ्या लॅपटॉपवर एकदा विकत घेऊन संपणारे चांगले गेम शोधून दे. दिवाळीच्या साडीऐवजी तेच दे.’ पोलंडमधली आर्टिफेक्स मुंडी ही कंपनी अशा गोष्टीवाल्या गेमसाठी प्रसिद्ध आहे. त्याला वेगवेगळ्या कंपन्यांचे पर्याय बघू दे. घेताना एकच गोष्ट तपासायची: गेम एकदाच पैसे घेतो की आत दुकान आहे.

सून गप्प राहिली त्याचा अर्थ तुम्ही लावून मोकळ्या झालात. मला नाही लावता येत. ती नवऱ्यावर वैतागली असेल, तुमची बाजू घ्यावी की न घ्यावी यात अडकली असेल, किंवा तिच्या फोनवर ५१०वा टप्पा चालू असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

नातीचं मात्र मला फार आवडलं. तुम्ही लिहिलंय की ती हळूच येऊन मांडीशी बसते आणि ‘आजी, ती बघ कात्री’ म्हणते. हे चोरून कशाला? तिच्या आईवडिलांनी अर्धा तास ठरवलाय ना, मग त्याच अर्ध्या तासात, त्यांना सांगून, दोघी मिळून खेळा. तिच्या नियमात आजीने सूट मिळवून द्यायची नाही. तुमच्या गेममध्ये भुतं, प्रेतं, शापित वाडे बरेच असतात, तेव्हा तिच्यासाठी वेगळे निवडा. चेक कलाकारांच्या अमानिता डिझाइनचा ‘मशिनेरियम’ (२००९) हा गंजक्या यंत्रनगरीतल्या एका लहानशा रोबोची गोष्ट आहे, त्यात संवाद नाहीतच, सगळं डोक्यावरच्या फुग्यातल्या चित्रांतून. कोडी अवघड आहेत. माझा भाचा आणि मी एका लिफ्टपाशी चार दिवस अडकलो होतो, आणि उत्तर त्याला शाळेच्या बसमध्ये सुचलं. ‘हिडन फोक्स’ (२०१७) हा हाताने काढलेल्या काळ्या-पांढऱ्या चित्रांचा, गर्दीत माणसं-प्राणी शोधायचा गेम. त्यातले सगळे आवाज माणसांनी तोंडाने काढलेले आहेत. नात लोळून हसेल. पुण्यातच तयार झालेला ‘राजी’ही (२०२०) देखणा आहे, पण त्यात भराभर बटणं दाबून लढावं लागतं, तो तिला मोठी झाल्यावर खेळू दे. तुमच्या-माझ्या बोटांचं ते काम नव्हे.

रात्रीचा प्रश्न मी फार ताणत नाही. साडेदहानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, एवढं करा. खेळायचं ते दुपारी, लॅपटॉपवर, टेबलाशी बसून, मांडीवर घेऊन नव्हे. चष्मा जवळच्या वाचनाचा असेल तर डॉक्टरांना सांगा की स्क्रीन हातभर अंतरावर असते. त्या अंतराचा नंबर वेगळा पडतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्याने स्क्रीन बघताना हनुवटी वर उचलावी लागते, मान दुखते, आणि मग लोक म्हणतात गेममुळे मान गेली.

राहिलं भजनी मंडळ. ‘गेममुळे सुटलं’ असं तुम्ही लिहिलंय. पण दोन परिच्छेद आधी तुम्हीच लिहिलंय की निवृत्तीनंतर तिथे गेलात तर ‘प्रत्येकीचं सुनेचंच गाऱ्हाणं, मला बोलायला काही नसतं.’ मग ते गेममुळे सुटलं की आधीच सुटायला आलं होतं? खरंच जावंसं वाटत नसेल तर जाऊ नका, आणि त्याचा दोष बिचाऱ्या दीपगृहावर घालू नका. पण आवाज चांगला आहे असंही तुम्ही लिहिलंय, तेव्हा एक गुरुवार जाऊन बघा. मी तुम्हाला ‘बचत गटाचे हिशेब बघा, वेळ सत्कारणी लागेल’ असं अजिबात सांगणार नाही. ३१ वर्षं लावलात सत्कारणी.

हे वाचणाऱ्या मुलामुलींसाठी थोडं. आई किंवा बाबा गेम खेळताना दिसले तर आधी शेजारी बसून पाच मिनिटं बघा की ते काय खेळतायत. आत दुकान आहे का ते तपासा, त्यांच्या फोनला जोडलेलं कार्ड काढून द्या. ओरडून हे काम होत नाही, ते फक्त लपवायला शिकतात. काळजी कधी करायची? झोप रोजच तुटते, पैसे उसने घेतले जातात, थांबवलं की माणूस चिडचिडतं, आणि मुख्य म्हणजे खेळताना मजाही येत नाही तरी हात थांबत नाही, तेव्हा. अशा वेळी टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ताई, पैशाची वाट बंद केल्यावरही रात्री तुमची फार तगमग झाली, तर हा नंबर तुमच्यासाठीही आहे.

आता तो ‘बो’. या याद्या करणारे फार आगाऊ असतात, एका शब्दाचे दोन-दोन, तीन-तीन अर्थ मुद्दाम वापरतात. ‘बॅट’ लिहितात आणि तुळईला वटवाघूळ उलटं टांगलेलं असतं. ‘क्रेन’ लिहितात आणि पडद्यावर बगळ्यासारखा पक्षी विणलेला असतो. असे शब्द एका वहीत टिपून ठेवा, नातीच्या इंग्रजीलाही होतील. धनुष्य शोधत बसू नका. तळघरात एखादी जुनी बाहुली आहे का? तिच्या वेणीला रिबिनीचं फूल असेल, तोही ‘बो’. तिथे नसेल तर व्हायोलिनचा गज बघा, तो काठीसारखा कुठेतरी झाडूच्या शेजारी टेकवून ठेवलेला असतो.